ट्रॉपिको ६: निवडणुकीत कोणतं आश्वासन द्यावं?

ट्रॉपिको ६ या गेममध्ये आपण एका बेटाचे राष्ट्राध्यक्ष असतो. त्यात निवडणुकीच्या भाषणात दिलेलं आश्वासन पाळलं नाही, तर पुढच्या निवडणुकीत लोक हिशेब चुकता करतात.

१. निवडणूक लागली की गेम पॉझ करून अल्मनॅक (बेटाची सगळी आकडेवारी दाखवणारं पुस्तक) उघडा. अन्न, आरोग्य, घरं, करमणूक यांत लोक कशावर नाराज आहेत ते बघा.
२. ज्याला लागणारा पैसा आत्ताच तिजोरीत आहे, तेच आश्वासन द्या. मी बहुतेक वेळा घरांचंच देतो. दवाखान्याला कर्मचारी शोधावे लागतात, चाळीला नाही!
३. भाषण संपताच बांधायला घ्या. जागा कन्स्ट्रक्शन ऑफिसजवळची निवडा, नाहीतर बांधकाम मजुरांचा अर्धा वेळ वाटेतच जातो.

भाडं परवडलं नाही तर नवी घरं रिकामी राहतात आणि लोक शेजारीच झोपड्या बांधतात.