लॅपटॉप टीव्हीला जोडताना या चुका टाळा

भाचीच्या साखरपुड्याचे फोटो सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवावेत म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडला. चित्र आलं, पण खालचा टास्कबार अर्धा गायब आणि अक्षरं पिंजलेल्या कापसासारखी. "केबल गेली," काकांनी निकाल दिला. दुसऱ्या दिवशी नवी एचडीएमआय केबल आणली. चित्र जसंच्या तसं!

पहिली चूक हीच, केबलवर खापर फोडण्याची. केबल खराब असेल तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र येतं-जातं किंवा 'नो सिग्नल' दिसतं. कडा कापल्या जाणं किंवा अक्षरं फुगणं हे तिचं काम नव्हे.

आमचा घोळ होता 'डुप्लिकेट' मोडचा. माझा जुना लॅपटॉप १३६६×७६८ चा, म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके (यालाच रिझोल्यूशन म्हणतात), टीव्ही १९२०×१०८० चा. दोन्हीकडे एकच चित्र हवं म्हटलं की विंडोज सहसा दोघांना झेपेल असं, म्हणजे लहान रिझोल्यूशन धरतं. मग साडेदहा लाख ठिपक्यांचं चित्र पावणेएकवीस लाख ठिपक्यांवर ताणलं जातं, तेही पूर्ण पटीत नाही, साधारण १.४ पट. एका ठिपक्याला दीड जागा वाट्याला आली की अक्षराची कड धूसर होणारच. उपाय दोन बटणांचा: विंडोजचं बटण दाबून धरा, पी दाबा आणि 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा. लॅपटॉपचा पडदा काळा होईल, घाबरू नका. दोन्ही पडदे हवे असतील तर 'एक्स्टेंड' घ्या, म्हणजे टीव्ही हा लॅपटॉपचा वेगळा, दुसरा पडदा होतो. लॅपटॉप नवा, १९२०×१२०० चा असेल तर डुप्लिकेटमध्ये टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येऊ शकतात. तिथेही औषध हेच.

एक्स्टेंड करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडल्यावर वरच्या १ आणि २ च्या चौकोनांतून आधी टीव्हीचा चौकोन निवडा. बरेच जण ते न करताच रिझोल्यूशन बदलतात आणि बिचाऱ्या लॅपटॉपचंच चित्र बिघडवून बसतात.

टास्कबार कापला जात होता तो मात्र टीव्हीमुळे. जुन्या डबा टीव्हींच्या काळात चित्राच्या कडा वेड्यावाकड्या दिसू नयेत म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीबाहेर ढकलत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. चपट्या टीव्हीला त्याची गरज नाही, तरी ती खोड राहिलीच आहे. लॅपटॉपमध्ये खटपट करू नका. टीव्हीचा रिमोट घ्या, पिक्चर साइझमध्ये जा आणि 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' यांपैकी जे सापडेल ते लावा. कंपनीगणिक नाव वेगळं, काम एकच. काही टीव्हींत त्या एचडीएमआय पोर्टला 'पीसी' असं नाव दिलं की कडा नीट बसतात आणि अक्षरांभोवतीची पांढरी झालरही जाते.

३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही १०८० चा सिग्नल घेतो, पण त्याचा पडदा बहुतेक वेळा १३६६×७६८ चाच असतो. तिथे १९२०×१०८० लावलं की अक्षरं बारीक आणि पुसट होतात. रिझोल्यूशनच्या यादीत १३६६×७६८ किंवा १३६०×७६८ दिसलं तर ते लावून बघा.

फोर-के (३८४०×२१६०) टीव्हीवर माऊसचा बाण रखडत चालत असेल तर रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं (हर्ट्झ), ते पाहा. एचडीएमआय १.४ ही जुनी आवृत्ती असलेला लॅपटॉप फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतो. सरळ १९२०×१०८० आणि ६० हर्ट्झ लावा. इथे एका ठिपक्याचे बरोबर चार होतात, त्यामुळे ताणल्याचा त्रास कमी. लॅपटॉपला फोर-के ६० हर्ट्झ झेपत असेल आणि अक्षरं फक्त बारीक दिसत असतील, तर रिझोल्यूशन उतरवू नका, डिस्प्ले सेटिंग्जमधला 'स्केल', म्हणजे अक्षरांचा आकार, वाढवा.

चित्र जमलं आणि आवाज लॅपटॉपमधूनच येतोय? टास्कबारवरच्या स्पीकरच्या खुणेवर जा आणि आउटपुटमध्ये टीव्हीचं नाव निवडा. आमच्याकडे फोटो संपून व्हिडिओ सुरू झाला, तेव्हा कुठे हे लक्षात आलं.