डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली? आधी मेडिकल बोर्डाचा कागद मिळवा

पप्पा आर्मीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, मेडिकल बोर्डाने बीपीची ३० टक्के डिसॅबिलिटी लिहिली आणि तरी रेकॉर्ड ऑफिसचं (जवानांचे सर्व्हिसचे कागद ठेवणाऱ्या आर्मीच्या ऑफिसचं) पत्र आलं की डिसॅबिलिटी पेन्शन मिळणार नाही. पप्पांनी ते घडी घालून डिस्चार्ज बुकात ठेवलं, वरून नाही आलं म्हणजे नाही. कळव्याच्या घरात कपाट आवरताना मला सापडलं तोवर चार महिने गेले होते, आणि पहिल्या अपीलाची मुदत सहा महिन्यांची. म्हणून घरात असं पत्र असेल तर आजच तारीख बघा, मुदत गेली असेल तरी उशिराचं कारण लिहून अपील टाका.

मग बघा की नकार कशावरून दिलाय. डिसॅबिलिटी २० टक्के किंवा जास्त हवी आणि आजार नोकरीमुळे झालेला किंवा नोकरीमुळे वाढलेला हवा. बऱ्याच जणांचं अडतं ते दुसऱ्या अटीवर, "झालेला नाही आणि वाढलेलाही नाही" असा शेरा असतो.

अपील लिहायला लगेच बसू नका. रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे रिटायर होतानाच्या तपासणीची, पूर्ण प्रोसीडिंग्ज आणि भरतीच्या वेळचं मेडिकल हातात पाहिजे, नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाका, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आम्ही कागद आल्यावर वहीत तीन रकाने पाडले, साल, पोस्टिंग आणि मेडिकलमधली नोंद. भरतीला बीपी नॉर्मल, पहिल्यांदा वाढलेलं सापडलं ते फील्ड पोस्टिंगमध्ये, आणि बोर्डाने कारणाच्या जागी फक्त एक ओळ लिहिलेली. अपीलात हेच मांडायचं. देशासाठी इतकी वर्षं दिली हे खरंच आहे हो, पण अपील तपासणारी कमिटी बघते नोंदी आणि तारखा.

सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल नक्की लिहा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान फिट होता असं धरायचं, आणि आजार नोकरीमुळे नाही असं म्हणायचं तर बोर्डाने कारणं द्यायची, असं त्यात आहे. फक्त २१ सप्टेंबर २०२३ ला किंवा नंतर रिटायर झालेल्यांना नवीन एन्टायटलमेंट रूल्स (ही पेन्शन कुणाला मिळते ते ठरवणारे नियम) लागतात, त्यांनी ते आधी वाचावेत.

पहिलं अपील फेटाळलं तर सेकंड अपील, तिथेही नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैन्यातल्या लोकांच्या केसेस ऐकणारं कोर्ट, आपल्याला मुंबई बेंच जवळ. अपीलावर सहा महिने काहीच उत्तर नाही आलं तरी ट्रायब्युनलमध्ये जाता येतं, आणि अंतिम नकार आल्यावर तिथे जायला सहा महिनेच असतात. तिथे ब्रॉड बँडिंग, म्हणजे डिसॅबिलिटीचे टक्के वरच्या टप्प्याला धरणं, पण मागा, २०१४ च्या राम अवतार निकालाप्रमाणे ३० टक्क्यांचे ५० धरले जातात. फार उशिरा गेलात तर एरियर्स, म्हणजे मागची थकबाकी, पूर्ण मिळेलच असं नाही.

अर्ज लिहायला अडलं तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) आणि नकाराचं पत्र सोबत न्या, ओरिजिनल कुणाकडे सोडून येऊ नका.

पप्पांचं पहिलं अपील फेटाळलं गेलं, मागच्या महिन्यात सेकंड टाकलंय. यावेळी स्पीड पोस्टची पावती त्यांनी स्वतः वहीत चिकटवली आणि खाली तारीख लिहिली.