डिझेल लाइनमधली हवा काढताना

टाकी कोरडी पडेपर्यंत ट्रॅक्टर चालवायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. तरी चालवलाच. मग डिझेल भरून नुसता सेल्फ मारत बसलो आणि बॅटरीही उतरवून घेतली. लाइनमध्ये हवा शिरली की ती काढावीच लागते.

टाकी निम्म्याच्या वर भरा, कॉक उघडा. डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करून डिझेल पुढे ढकलणारा इंजिनवरचा छोटा हातपंप मारत राहा. आधी फेस येईल. बुडबुडे संपून सलग धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. हात आधी थांबला तर हवा परत आत जाते. स्क्रूखालचा तांब्याचा वायसर चेपलेला असेल तर बदला. माझा निम्मा त्रास त्या एवढ्याशा वायसरचा निघाला!

तरीही इंजिन उचलत नसेल तर गिअर न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावलेला, आणि इंजेक्टरला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) येणाऱ्या नळ्यांचे त्या टोकाचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, एका वेळी 10 सेकंदच. हात लांब ठेवा, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. धार आली की नट आवळा. कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून फार जास्त दाबाचं डिझेल जातं ते) असेल तर मात्र या नटांना हातही लावू नका.