चर्चच्या प्राथमिक शाळेचे वार्तापत्र मराठीतून कसे काढावे

गोव्यात चर्चच्या प्राथमिक शाळेत मूल घातलेल्या अनेक हिंदू घरांत बोलणे कोंकणीत चालते आणि वर्तमानपत्र मात्र मराठी येते. शाळेचा कागद इंग्रजीत निघतो, गावातील कॅथलिक शेजाऱ्यांसाठी कोंकणी मजकूर रोमी लिपीत असतो, आणि दुपारी मुलाला बालरथातून (शाळेच्या बसमधून) उतरवून घेणाऱ्या आजीच्या हाती यांतला कुठलाही कागद पडला तरी तो तिला वाचता येत नाही. अशा घरांसाठी वार्तापत्राचे मराठी पान काढावे असे पालक-शिक्षक संघात ठरले, की पहिल्या बैठकीत उत्साह असतो आणि तिसऱ्या अंकापर्यंत मजकूर मिळेनासा होतो. काही वर्षे हे काम केल्यावर जे उपयोगी पडले ते येथे लिहितो.

प्रत्येक बातमीला एकच कसोटी लावावी: आजीने ती वाचली, तर संध्याकाळी नातवाला ती काय विचारील? तिला एकही प्रश्न सुचणार नसेल, तर ती बातमी शाळेच्या दप्तरात राहिलेली बरी.

हे पान केवळ हिंदू घरांचे, असेही समजू नये. 1990 नंतर सरकारी अनुदान कोंकणी आणि मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांपुरते ठेवण्यात आले, तेव्हा धर्मप्रांताच्या शाळा देवनागरी कोंकणीकडे वळल्या, आणि 2011 साली इंग्रजी माध्यमाला अनुदान मिळू लागल्यावर त्यांतील बहुतेक पुन्हा इंग्रजी झाल्या. मधल्या काळात तेथे शिकलेली मुले आज स्वतः पालक आहेत. घरात रोमी लिपी वाचणाऱ्या अशा कॅथलिक आईबापांना देवनागरी अक्षरे ओळखीची असतात, त्यामुळे वाक्य सरळ असेल तर ते मराठी पानही वाचतात. त्यांच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. संस्कृतप्रचुर शब्द टाळले, म्हणजे पुरे.

परवानगी आणि तपासणी

चर्चच्या काही शाळा धर्मप्रांताच्या डायोसेसन सोसायटी ऑफ एज्युकेशनकडे आहेत, तर काही सिस्टरांच्या संस्थांकडे. पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, शाळेत पुष्कळदा विगार (मुख्य) फादर हेच मॅनेजर असतात. अंतिम शब्द कोणाचा, हे पहिल्या अंकाआधीच विचारून घ्यावे आणि कच्चा मजकूर दोन व्यक्तींना दाखवावा: तारखा आणि नावे तपासायला एक शिक्षिका, धार्मिक मजकूर तपासायला एक सिस्टर किंवा कॅथलिक पालक. याहून मोठी समिती नेमू नये, कारण पाच जणांनी तपासलेला अंक सण उलटून गेल्यावर निघतो.

बातमी कोठे सापडते

कार्यालयात सापडते ती सूचना. बातमी सापडते ती बालरथाच्या चालकाकडे, माध्यान्ह आहार आणणाऱ्या बचत गटाच्या बायांकडे, घंटा देणाऱ्या मावशींकडे आणि चौथीच्या मुलांकडे. पावसात रस्ता खचल्यामुळे बालरथ आठ दिवस दुसऱ्या वाड्यावरून गेला आणि त्या वाड्यावरची मुले प्रथमच खिडकीतून एकमेकांना हाका मारू लागली, ही बातमी कार्यालय कधीच देणार नाही. शिक्षकांच्या खोलीत एक दोरी बांधलेली वही टांगून ठेवावी. जो कोणी काही पाहील त्याने तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात, एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि महिन्यातून एकदा ती वही घेऊन बसावे.

नावांच्या बाबतीत मात्र हयगय करू नये. पोर्तुगीज वळणाची आडनावे देवनागरीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. कोणी डिसोझा लिहितो, कोणी डिसौजा. कोणाला गोन्साल्विस हवे असते, कोणाला गोन्साल्वीस. जून महिन्यात वर्गवार यादी करून प्रत्येक घरी एकदा पाठवावी, आपले नाव देवनागरीत कसे लिहितात ते पालकांकडून लिहून घ्यावे आणि पुढे वर्षभर त्याच यादीतून नावे उचलावीत. आपल्या मुलाचे नाव चुकीचे छापलेले पाहिल्यावर पालक तक्रार करीत नाहीत, फक्त पुढचा अंक उघडत नाहीत.

लिहिण्याची रीत

गोव्यातील मराठी वर्तमानपत्रांच्या वाचनामुळे आपल्या सर्वांच्या हाताला एक वाक्य बसलेले आहे: 'शाळेत सांजाव उत्साहात साजरा करण्यात आला, यावेळी मान्यवर उपस्थित होते.' (सांजाव म्हणजे सेंट जॉनचा सण; त्या दिवशी डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारण्याची प्रथा आहे.) या वाक्यातून आजी काहीही विचारू शकत नाही. तीच बातमी अशी लिहून पाहावी: '24 जून रोजी तिसरीच्या मुलांनी घरून पानाफुलांचे कोपेल करून आणले. विहीर नसल्यामुळे मुलांनी अंगणातील पाण्याच्या डबक्यात उड्या मारल्या आणि गणवेश भिजल्यामुळे नंतरचा तास व्हरांड्यात झाला.' आता आजी विचारील, की तुझ्या कोपेलात कोणती फुले होती, आणि गणवेश वाळला तरी कसा. कोण आले, कोणी दीप उजळला, कोणी आभार मानले ही नामावळ फार तर शेवटच्या ओळीत जावी.

वाक्ये कर्तरी ठेवावीत. 'करण्यात आले' असे लिहिले की कोणी केले ते नाहीसे होते, आणि शाळेच्या बातमीत कोणी केले यालाच महत्त्व असते. मुलांनी सांगितलेली वाक्ये दुरुस्त न करता अवतरणात द्यावीत. मुलगा कोंकणीत बोलला असेल तर कोंकणीतच द्यावे. त्याचे मराठी करून दिले तर ते वाक्य त्याच्या घरी कोणाला ओळखू येत नाही.

धार्मिक बातम्या: शब्द आणि तारखा

या कामाचा सर्वांत नाजूक भाग हाच आहे, आणि सर्वांत रसाळही. वसईचे मराठी कॅथलिक 'मिस्सा' म्हणतात, गोव्यात 'मीस' म्हणतात. पुस्तकी मराठीत 'धर्मगुरू' आणि 'धर्मभगिनी' आहेत, पण गावात कोणीही 'धर्मभगिनी आल्या' असे म्हणत नाही. फादर आणि सिस्टर हेच शब्द वापरावेत. इगर्ज (चर्च), कपेल (लहान चर्च), खुरीस (क्रूस), फेस्त (संताचा सण), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), तेर्स (जपमाळेची प्रार्थना) हे शब्द गोव्यातील हिंदू घरांनाही परके नाहीत, म्हणून त्यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नये. ज्याचा अर्थ खरोखरच माहीत नसेल अशा शब्दापुढे एक साधे वाक्य जोडावे. उदाहरणार्थ: 'चौथीतील काही मुलांचे या वर्षी पहिले कोमुन्यांव आहे, चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद प्रथमच घेण्याचा हा विधी असून त्यासाठी मुले रविवारी वेगळ्या वर्गाला जातात.'

फेस्ताची बातमी देताना ती तारीख कशाची, हे सांगितल्याने वाचकाची मोठी सोय होते. बहुतेक संतांचे फेस्त त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येते, म्हणजे आपल्याकडील संतांच्या पुण्यतिथीसारखेच. सेंट फ्रान्सिस झेवियर 1542 च्या मे महिन्यात गोव्यात आले आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारले. म्हणून 3 डिसेंबरला जुने गोवे येथे सायबाचे, म्हणजे त्यांचेच, फेस्त होते आणि शाळेला सुटी असते. सेंट जोसेफ वाझ यांचा जन्म बाणावलीचा, मृत्यू 16 जानेवारी 1711 रोजी श्रीलंकेतील कँडी येथे. त्यांचे फेस्त त्या तारखेला. याच तारखेला 1967 साली गोवा महाराष्ट्रात विलीन करावा काय यावर गोव्यात जनमत कौल झाला होता, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना 16 जानेवारी म्हटल्यावर भलतेच विषय आठवतात. शाळेच्या वार्तापत्राने त्यात न पडता फेस्तापुरते लिहावे हे उत्तम. सांजाव मात्र पुण्यतिथी नव्हे. येशू आणि मारिया यांच्याखेरीज ज्याचा जन्मदिवस चर्च साजरा करते असा संत म्हणजे जॉन द बाप्टिस्ट, आणि 24 जून हा त्याचा जन्मदिवस आहे. ही एवढी माहिती दिल्यावर आमच्या अंकावर पहिल्यांदाच आजोबांची पत्रे आली.

चुकीचे उदाहरण मी स्वतःचेच देतो. एका मार्च महिन्यात मी चौकटीत मोठ्या अक्षरांत 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' असे छापले. येशूच्या मरणाचा तो दिवस; शुभेच्छा द्यायच्या त्या दोन दिवसांनी येणाऱ्या ईस्टरला. सिस्टरांनी रागावून न बोलता फक्त विचारले, की हे पान मला आधी दाखवले होते का. दाखवले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक सणापुढे 'आनंदाचा', 'शोकाचा' किंवा 'उपवासाचा' अशी खूण केलेले वर्षाचे टिपण मी जूनमध्येच करून ठेवतो. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते आणि तिच्याबरोबर राखेचा बुधवार व त्याच्या आधीचा कार्निव्हलही सरकतो, म्हणून गेल्या वर्षीचे टिपण तसेच उतरवून चालत नाही.

दोन्हीकडील घरांत एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी मुद्दाम शोधाव्यात. हळदीच्या पानातल्या पातोळ्या हिंदू घरांत नागपंचमीला होतात आणि कॅथलिक घरांत 15 ऑगस्टला, मारियेच्या स्वर्गारोहणाच्या फेस्ताला, म्हणजे झेंडावंदनाच्याच दिवशी. ऑगस्टच्या अंकासाठी याहून चांगला मजकूर मला तरी सापडलेला नाही. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुटीआधी गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला कोणी काय बांधले, नाताळच्या सुटीआधी वर्गातला गोठा कोणत्या गवताचा केला, हे मुलांकडूनच लिहून घ्यावे.

काही पालकांच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो ते उघड विचारत नाहीत: आमच्या मुलाला प्रार्थनेला किंवा मीसेला बसावेच लागते काय? संविधानाच्या अनुच्छेद 28 च्या तिसऱ्या खंडानुसार, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला असताना इतर मुले कोठे असतात, मूल्यशिक्षणाचा तास कोण घेते, हे जूनच्या अंकात साध्या शब्दांत छापून टाकावे. शंका मनात राहिली की फाटकाबाहेर तिची वेगळीच बातमी होते.

छायाचित्रे, गुण आणि पैसे

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, संमतीपत्र प्रवेशाच्या वेळीच घेणे आणि नकार देणाऱ्यांची यादी अंक जुळवताना समोर ठेवणे हे शहाणपणाचे. चेहऱ्याखाली पूर्ण नाव, वर्ग आणि गाव असे तिन्ही एकत्र छापू नये. सहलीची बातमी सहल परत आल्यावरच द्यावी. गुणानुक्रम, थकलेली फी, कोणाला कोणती सवलत मिळते, हे काहीही छापायचे नाही. उपवासकाळात मुलांनी डब्यात साठवलेले पैसे जमा झाले, तर एकूण रक्कम आणि ती कोठे दिली ते रुपयांसकट छापावे, मात्र कोणी किती दिले ते नव्हे.

दुःखाची बातमी

शाळेतील कोणाच्या घरी मृत्यू झाला तर त्या घराला विचारल्याशिवाय ओळ छापू नये, आणि विचारण्यासाठी पालक-शिक्षक संघातील ओळखीच्या व्यक्तीनेच जावे. कॅथलिक घरी महिन्याची मीस असते, हिंदू घरी बारावे. त्या दिवसांची वेळ आणि जागा कुटुंबाने सांगितली तर तेवढीच द्यावी. मृत व्यक्तीचे शाळेशी काय नाते होते ते मात्र नीट लिहावे. आमच्याकडे वर्षानुवर्षे घंटा देणाऱ्या मावशी वारल्या, तेव्हा गुणवर्णन न करता आम्ही एवढेच लिहिले, की पावसाळ्यात घंटा ऐकू येत नसे म्हणून त्या छत्री घेऊन प्रत्येक वर्गाच्या दारात जात असत. तो अंक कोणाच्या तरी घरी अजून भिंतीला लावलेला आहे.

छपाई आणि वाटप

दर महिन्याचा हट्ट धरू नये. जून, चवथीच्या आधी, दिवाळीच्या सुटीआधी, नाताळच्या आधी आणि वर्ष संपताना असे पाच अंक पुरेसे आहेत. ए-4 आकाराचा एक कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात; झेरॉक्सवर काळ्या-पांढऱ्यात ती स्वस्तात निघतात. अक्षर 14 पॉइंटपेक्षा लहान नसावे, कारण वाचणारे डोळे आजीचे आहेत. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा, नाही तर जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडताच निरर्थक चिन्हे दिसू लागतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर पानाचा फोटो न पाठवता पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, अक्षर फुटत नाही. कागदी प्रत मात्र बंद करू नये. मोबाइल कामावर गेलेल्या आईबापांजवळ असतो आणि दुपारी घरी असते ती आजी.

शेवटच्या पानावर एक कोरा चौकोन सोडून 'हे कापून शाळेत पाठवा' असे छापावे. बहुतेक चौकोन परत येत नाहीत. पातोळ्यांच्या अंकानंतर आला त्यात थरथरत्या अक्षरात एकच ओळ होती, की पीठ पानाच्या कोणत्या बाजूला लावायचे ते तुम्ही लिहिलेच नाही. पुढच्या अंकाची पहिली बातमी आम्ही तीच घेतली.