मुखमैथुन आणि लैंगिक संसर्ग : काळजी कशी घ्यावी, तपासणी कशी करावी

मुखमैथुनातून गर्भ राहत नाही आणि एचआयव्हीची लागण होण्याची शक्यताही फारच कमी असते, त्यामुळे ‘यातून काही होत नाही’ असा समज पक्का झाला आहे. परंतु परमा म्हणजे गोनोरिया, गरमी म्हणजे सिफिलिस, तसेच क्लॅमिडिया, हर्पिस आणि एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस हा विषाणू) हे सारे संसर्ग तोंडावाटे होऊ शकतात, आणि तेही दोन्ही बाजूंनी. घशातील परम्याची बहुधा काहीच लक्षणे दिसत नाहीत. गरमीचा पहिला व्रण ओठावर किंवा जिभेवर उठला, तरी तो दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोग मात्र शरीरात तसाच राहतो. म्हणून त्रास नाही म्हणजे संसर्ग नाही, असे कधीही धरून चालू नये.

संबंधापूर्वी दोघांनीही तोंड आणि जननेंद्रिये पाहून घ्यावीत. ओठांच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड आलेले असतील, तोंड आलेले असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा नुकताच दात काढलेला असेल, तर त्या दिवसांत मुखमैथुन टाळावे. फोड नसतानाही हर्पिस पसरू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे. स्वच्छतेच्या भावनेने अनेकजण अगदी आधी दात घासतात. त्याने हिरड्यांना बारीक इजा होते, म्हणून तेव्हा नुसती चूळ भरणे अधिक बरे. माउथवॉशने संसर्ग टळतो, असे मानू नये.

निरोध सुरुवातीपासूनच वापरावा. औषधांच्या दुकानात मिळणारे स्वादाचे निरोध यासाठी सोयीचे असतात. योनी किंवा गुदद्वाराशी मुखसंबंध येणार असेल, तर मध्ये धरायचा डेंटल डॅम नावाचा पातळ पडदा आपल्याकडे सहसा मिळत नाही. त्याऐवजी नवा निरोध उलगडून त्याचे टोक आणि तळाची जाड कडा कात्रीने कापावी आणि उरलेली नळी उभी चिरावी, म्हणजे आयताकृती पडदा तयार होतो. तो उलटा करून पुन्हा वापरू नये आणि गुदद्वाराकडून योनीकडे जाताना बदलावा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास निरोधाचे लॅटेक्स म्हणजे रबर कमकुवत होते. पाण्यावर आधारित वंगणच वापरावे.

तपासणीच्या वेळी मात्र संकोच सर्वांत महागात पडतो. लघवीच्या तपासणीत घशातील परमा किंवा क्लॅमिडिया दिसत नाही. त्यासाठी घशाचा स्वॅब द्यावा लागतो, आणि आपण सांगितल्याशिवाय तो घ्यावा हे डॉक्टरांच्या लक्षात येईलच असे नाही. ‘माझा मुखमैथुनाचा संबंध आला आहे, घशाचा स्वॅब घ्यावा लागेल का?’ एवढे वाक्य पुरेसे आहे. ही सोय सर्वत्र नसते, म्हणून प्रयोगशाळेत आधी फोन करून विचारावे. गरमी आणि एचआयव्हीसाठी रक्ताची तपासणी होते. संबंधानंतर लगेच केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते, म्हणून ती तीन महिन्यांनी पुन्हा करावी. जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक संसर्गांवर मोफत सल्ला व उपचार मिळतात आणि १०९७ या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते. एचआयव्हीची तपासणी संमतीनेच व्हावी आणि निकाल गोपनीय राहावा, हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेणे घातक आहे. घशातील परमा बरा करणे इतर ठिकाणच्या परम्यापेक्षा कठीण असते आणि त्यावर सहसा सेफ्ट्रियाक्झोनचे इंजेक्शन द्यावे लागते. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. जोडीदारानेही उपचार घ्यावेत, नाहीतर संसर्ग पुन्हा परत येतो. दोघांचे उपचार पूर्ण झाल्यावर सात दिवस तरी कोणताही संबंध ठेवू नये, आणि घशातील परम्याची सुमारे दोन आठवड्यांनी फेरतपासणी करून घ्यावी.

एचपीव्हीच्या १६ क्रमांकाच्या प्रकारामुळे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी कर्करोग होऊ शकतो, आणि तो तंबाखू न खाणाऱ्यांनाही होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ लस या प्रकाराविरुद्ध काम करते व ती ९ ते २६ वर्षे वयाच्या मुलींप्रमाणेच मुलांनाही देता येते. पंधराव्या वर्षापूर्वी दोन, त्यानंतर तीन मात्रा घ्याव्या लागतात. आधीच झालेला संसर्ग लसीने जात नाही, म्हणून ती लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेतलेली उत्तम. त्याच भेटीत हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.