पॉपस्टार ईडीएमकडे वळतो तेव्हा: गाणं का पडतं? या चुका टाळा

पॉप गायकाला ईडीएमवर (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकवर) बाजार मारता येतो का, या प्रश्नाचं उत्तर १९९८ सालीच मिळालं. त्या वर्षी मॅडोनाने विल्यम ऑर्बिटला सोबत घेऊन ‘रे ऑफ लाइट’ काढला, आणि ५२ वर्षांच्या गायिका शेरचं ‘बिलीव्ह’ ब्रिटनमध्ये सलग ७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. २००९ मध्ये डेव्हिड गेटाने निर्मिलेलं ब्लॅक आइड पीजचं ‘आय गॉटा फीलिंग’ अमेरिकेत १४ आठवडे अव्वल होतं. २०११ मध्ये रिहाना आणि कॅल्विन हॅरिसच्या ‘वी फाउंड लव्ह’ने तिथेच १० आठवडे काढले. म्हणजे चालतं, आणि जोरात चालतं. तरीही याच वाटेवर बरीच गाणी आपटतात. ती का आपटतात, ते पाहू.

ड्रॉप आधी, गाणं नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवू.

निर्मात्याकडे दणदणीत ट्रॅक तयार असतो. गायिकेला बोलावून ‘यावर काहीतरी गा’ म्हणतात. मग जे गायलं जातं तो ड्रॉप (ताण चढवत नेऊन बीट आणि बेस एकदम कोसळतात तो भाग) येईपर्यंतचा टाइमपास असतो. ऐकणाऱ्याला ड्रॉप आठवतो, गायिका आठवत नाही. डीजेचं यात काही जात नाही, पण पॉपस्टारकडे विकायला स्वतःचा आवाज आणि ओळखता येणारी चाल, एवढंच असतं. तेच मागे पडलं तर ती स्वतःच्याच रेकॉर्डवर पाहुणी ठरते.

ट्रॅक आधी असणं हा दोष नव्हे. ‘व्हेन लव्ह टेक्स ओव्हर’चा वाद्यट्रॅक गेटाकडे आधीच होता. गायिका केली रोलंडने तो ऐकून मागून घेतला, त्यावर सहगीतकारांबरोबर गाणं रचलं आणि मग गायली. फरक रचण्यात आहे.

‘बिलीव्ह’चा इतिहास तर शिकवणीसारखा आहे. निर्माता मार्क टेलरने पहिल्यांदा केलेली आवृत्ती फारच कडक क्लब-डान्स झाली, म्हणून ती टाकून देऊन त्याने नव्याने सुरुवात केली. गाण्याचा मुखडा पक्का होता, अंतरे मात्र पुनःपुन्हा लिहिले गेले. श्रेयनामावलीत ६ गीतकार-संगीतकार आहेत ते उगाच नाहीत. ऑटो-ट्यून या सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचा तो प्रसिद्ध ‘तुटका’ आवाज येतो रीट्यून स्पीड (दुरुस्तीला लागणारा वेळ) शून्यावर नेल्याने, पण तो ठरावीक ओळींपुरताच आहे. बाकी गाण्यात शेरचा जाड, खरा आवाज जसाच्या तसा ठेवलाय. पूर्ण गाण्याला तो परिणाम लावला असता तर तिला कोणी ओळखलं नसतं.

जस्टिन बीबरच्या २०१५ च्या ‘व्हेअर आर यू नाउ’मध्ये याच्याही पुढची चलाखी आहे. बीबरकडून आलेलं गाणं होतं पियानोवरचं संथ गाणं. निर्माते स्क्रिलेक्स आणि डिप्लो यांनी ड्रॉपमध्ये बासरीसारखं वाजणारं जे वाद्य वापरलं, तो प्रत्यक्षात बीबरचाच आवाज आहे, वर चढवून मोडलेला. त्यामुळे ड्रॉपमध्येही गायकच हजर असतो.

हे करून पाहायचं असेल तर मुखड्यातून एक-दोन अक्षरांचा तुकडा घ्या, एक सप्तक वर न्या आणि कीबोर्डवर वाजवा. तुकडा आ, ए, ओ अशा स्वरावर संपणारा हवा. ‘ष्ट’, ‘त्र’ यांसारख्या जोडाक्षरात कापलात तर प्रत्येक वेळी ‘टिक्’ असा खडा लागतो. कापाच्या दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू चढ-उतार) द्या.

गाणं तयार आहे का, हे तपासायला हार्मोनियम किंवा गिटार पुरते. मुखडा सलग ४ वेळा म्हणा. चौथ्या वेळी कंटाळा आला तर ड्रॉप तुम्हाला वाचवणार नाही, कारण तयार ट्रॅकमध्ये तोच मुखडा डझनभर वेळा येणार आहे.

१२८ चं गणित न करणं

१२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) एक बार, म्हणजे चार ठोक्यांचा गट, १.८७५ सेकंदांचा. ८ बार म्हणजे १५ सेकंद, १६ बार म्हणजे ३०, आणि ३२ बार म्हणजे बरोबर १ मिनिट. स्पॉटिफायवर गाणं ‘वाजलं’ असं ३० सेकंदांनंतर मोजतात. डीजेला मिसळायला सोयीचा ३२ बारांचा नुसत्या ड्रम्सचा इंट्रो तुम्ही तसाच स्ट्रीमिंगवर चढवलात, तर पॉपचा श्रोता आवाज ऐकायच्या आत पुढच्या गाण्यावर गेलेला असतो.

स्ट्रीमिंगच्या आवृत्तीत आवाज पहिल्या ४ बारांत, म्हणजे साडेसात सेकंदांच्या आत यायला हवा. हूकची (कानात अडकणाऱ्या ओळीची) निदान एक झलक १६ बारांच्या आत, आणि पहिला ड्रॉप २४ बारांच्या, म्हणजे ४५ सेकंदांच्या आसपास. लांब इंट्रो-आउट्रो डीजेंसाठीच्या एक्स्टेंडेड मिक्ससाठी राखून ठेवा.

आणि १२८ हा काही वेद नाही. मेजर लेझर, डीजे स्नेक आणि एमओचं ‘लीन ऑन’ ९८ बीपीएमचं आहे. बियॉन्सेचं ‘ब्रेक माय सोल’ ११५ च्या आसपास. चाल ज्या गतीला श्वास घेते ती गती धरा.

इथे नेहमीची फसगत अशी की ९६ बीपीएमला गायलेला जुना टेक ताणून १२८ वर बसवतात. ही ३३ टक्क्यांची ओढाताण. व्यंजनं चिरडतात, मींड घसरल्यासारखी वाटते, शेपटीला पत्र्याचा आवाज येतो. ५-६ टक्क्यांपर्यंतचा बदल बहुधा खपतो, त्यापुढे गायकाला पुन्हा माइकसमोर उभं करा. ते शक्यच नसेल तर ट्रॅकच १०० च्या घरात आणा.

मराठी चाली घेणाऱ्यांना आणखी एक खड्डा लागतो. अनेक कोळीगीतं सहा मात्रांच्या झोक्यावर चालतात. त्यांच्याखाली सरळ चारचा किक (बेस ड्रमचा ठोका) ठेवला की गाणारा लंगडतो आणि दोष गायकाला दिला जातो. सॉफ्टवेअरमधल्या प्रोजेक्टची ग्रिड ट्रिप्लेटवर (ठोक्याचे तीन भाग) घ्या, हाय-हॅट त्याच झोक्यावर वाजू द्या आणि किक प्रत्येक तिसऱ्या मात्रेवर ठेवा. लगेच जमतं.

पट्टी बेसच्या सोयीने ठरवणं

क्लबच्या सबवूफरला साधारण ४० ते ६० हर्ट्‌झचा मूळ सूर मानवतो. पांढरी चार (एफ) म्हणजे सुमारे ४३.६ हर्ट्‌झ, पांढरी पाच (जी) ४९, पांढरी सहा ५५. म्हणून निर्माते सर्रास एफ किंवा जी धरतात. गायिकेचा मुखडा मग दीड सूर वर किंवा खाली सरकतो: एक तर ती किंचाळते, नाहीतर तळाशी पुटपुटते.

समजा तिला पांढरी एकच मानवते. तिथला षड्ज ३२.७ हर्ट्‌झला फार खोल आणि ६५.४ ला जरा वर पडतो. तोडगा सोपा आहे: पट्टी तीच ठेवा, पण कॉर्ड्सची सुरुवात षड्जापासून न करता म-प-ध अशी करा. बेस आपोआप ४३.६, ४९, ५५ वर फिरतो आणि गळ्याला हात लागत नाही.

फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच वाजत नाही. १५०-२०० हर्ट्‌झच्या खाली तो गप्पच असतो. बेसची एक नक्कल काढून तिला सॅच्युरेशन (वरचे सूर उमटवणारा किंचित फाटलेपणा) द्या, १५० च्या खालचं कापा आणि मूळ बेसखाली हळूच मिसळा. १२० च्या खालचं सगळं मात्र मोनोच (दोन्ही स्पीकरवर एकसारखं) ठेवा.

साइडचेन (किक वाजताच दुसरा आवाज दाबणारी जोडणी) गाण्याच्या आवाजाला लावू नका. किकबरोबर आवाज दबला की शब्द खाल्ल्यासारखे वाटतात. बेस, पॅड आणि आवाजाचा रिव्हर्ब (घुमारा) एवढ्यांनाच दाबा. १२८ ला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा असतो. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवलात तर ऑफ-बीटपर्यंत सगळं परत येतं.

पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर भाळणं

मॅडोनाचा २०१२ चा ‘एमडीएनए’ बेनी बेनासी, मार्टिन सोलवेग आणि ऑर्बिट अशा बड्या निर्मात्यांसह आला. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ३,५९,००० प्रती खपल्या, दुसऱ्यात ४८,०००. घसरण ८६ टक्क्यांहून जास्त. पहिल्या आकड्यात मैफलीच्या तिकिटाबरोबर दिलेल्या प्रतींचा मोठा वाटा होता. तिकीट घेणारा चाहता असतो, पण तो त्या अल्बमचा श्रोता असेलच असं नाही.

हीच गायिका २००५ मध्ये स्टुअर्ट प्राइसबरोबर ‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर’ घेऊन आली होती आणि तो अल्बम जगभर टिकला. त्यात निर्मितीची सूत्रं प्रामुख्याने एकाच माणसाच्या हातात होती आणि गाणी न थांबता एकातून दुसऱ्यात जात. २०१२ पर्यंत रेडिओवरचा जवळपास प्रत्येक गायक १२८ वर उभा होता. लाटेच्या माथ्यावर उडी मारणाऱ्याला लाट पुढे नेत नाही.

उलट बाजूने फसवणारे आकडेही असतात. लेडी गागाच्या २०१३ च्या ‘आर्टपॉप’ची सुरुवात २,५८,००० वर झाली, आधीच्या अल्बमची ११ लाखांवर, आणि ‘ईडीएमने बुडवलं’ असा गवगवा झाला. आधीचा अल्बम अ‍ॅमेझॉनने ९९ सेंटला विकला होता हे त्या गवगव्यात कोणी सांगत नव्हतं.

ड्रेकचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. जून २०२२ चा ‘ऑनेस्टली, नेव्हरमाइंड’ जवळजवळ संपूर्ण हाउस संगीताचा, आणि अमेरिकेत अव्वल आलाही. पण त्यातलं एकेका गाण्याच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं कोणतं? शेवटचं, रॅप असलेलं ‘जिमी कुक्स’. जुना चाहता नव्या घरात आला आणि जुन्याच खुर्चीत बसला. ती खुर्ची ठेवणं हा पराभव नाही. पहिल्या ईडीएम प्रयत्नात दोन-तीन गाणी ओळखीच्या ढंगाची असू द्या.

चुकीच्या गर्दीकडून कौल घेणं

मार्च २०१३ मध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात डीजे आविचीने बँजो-गिटारवाले वादक मंचावर आणले तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो उडाली. त्याच वर्षी आलो ब्लॅकने गायलेलं ‘वेक मी अप’ ब्रिटनसह अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर पोचलं. महोत्सवाची गर्दी ड्रॉपसाठी आलेली असते, तिला चालीचा कौल विचारू नका. शरीर हलतंय का, एवढंच तिला विचारा. ‘कन्फेशन्स’च्या वेळी प्राइस हेच करायचा: स्वतःच्या डीजे कार्यक्रमांत त्या गाण्यांच्या आवाजाविना आवृत्त्या वाजवून गर्दी कशी नाचते ते पाहायचा. चालीचा कौल गाडीत, स्वयंपाकघरात, रिक्षात घ्या.

हक्कांचं ‘नंतर बघू’

मॅडोनाच्या ‘हंग अप’मधली ती बासरीसारखी धून आबा या स्वीडिश बँडच्या १९७९ च्या गाण्यातली. आबा सहसा परवानगी देत नाहीत. मॅडोनाने रीतसर विनंती करून ती आधी मिळवली. २०२२ मध्ये बियॉन्सेच्या ‘एनर्जी’तला गायिका केलिसच्या ‘मिल्कशेक’चा अंश मात्र प्रकाशनानंतर काढावा लागला. कायद्याने हक्क संगीतकारांकडे होते, पण आपल्याला कळवलंच नाही ही केलिसची तक्रार होती. कागद बरोबर असूनही बातमी वाईट होऊ शकते, हे लक्षात असू द्या. एक फोन स्वस्त पडतो.

आपल्याकडे जुन्या गाण्याचं डान्स व्हर्जन करताना दोन गोष्टींची गल्लत होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी नुसार मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर ५ पूर्ण कॅलेंडर वर्षं उलटली की ठरलेली रॉयल्टी आगाऊ भरून कव्हर करता येतं; दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरतात. पण हे नव्याने गाऊन-वाजवून केलेल्या मुद्रणापुरतंच आहे. मूळ रेकॉर्डचा दोन सेकंदांचा तुकडा घेतलात तरी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची वेगळी परवानगी लागते.

ड्रॉपची धून ही रचना की निर्मिती, याचा निकाल पहिल्या दिवशीच लावा. गीत, चाल, ड्रॉपची धून आणि मास्टर (अंतिम मुद्रण) यांचे टक्के एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणं चालल्यावर हे पान कोणी लिहून देत नाही. पुण्यात वाढलेल्या रित्विझला ‘उड गये’च्या वेळी ही डोकेदुखी कमी होती, कारण गाणारा आणि ट्रॅक बांधणारा एकच होता.

मंच आणि पोचवणी

सबवूफरसमोर उभं राहून गाताना माइकमध्ये किक शिरतो. माइकला १०० ते १२० हर्ट्‌झवर हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा आणि कानात क्लिक (तालाची टिकटिक) द्या. महाराष्ट्र-गोव्यात उघड्यावर रात्री १० ला भोंगे बंद करावे लागतात. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तेव्हा दोन तास हळूहळू चढणारा युरोपी पद्धतीचा सेट आखू नका. मोठं गाणं साडेनऊच्या आत संपवा, नाहीतर ते मुखड्याच्या मधेच तुटेल.

मास्टर उणे ६ एलयूएफएसपर्यंत (जाणवणारा जोर मोजायचं एकक) चेपलात तरी स्पॉटिफाय तो उणे १४ च्या आसपास खाली आणतं. आवाज वाढत नाही, फक्त चेपलेपणा उरतो. स्ट्रीमिंगसाठी उणे ९ च्या जवळ थांबा आणि ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) उणे २ डीबी ठेवा. क्लबची आवृत्ती वेगळी आणि हवी तर जोरकस काढा.

प्रकाशनाच्या दिवशी ४ फायली तयार हव्यात: ३ मिनिटांच्या आसपासची मुख्य आवृत्ती, दोन्ही टोकांना १६ ते ३२ बार ड्रम्स असलेला एक्स्टेंडेड, वाद्यट्रॅक, आणि रिव्हर्ब नसलेला कोरडा आवाज. सगळ्या २४ बिट वेव्ह, पहिल्या बारपासून सुरू होणाऱ्या, नावात बीपीएम आणि पट्टी लिहिलेल्या. कोरडा आवाज बहुतेक जण विसरतात, आणि रीमिक्स करणारा डीजे सगळ्यात आधी तोच मागतो.