ऑफिसच्या मेलला राखणदार: चॅलेंज-रिस्पॉन्स फिल्टर अनेक जणांसाठी लावताना

अनोळखी माणसाचा मेल बाजूला ठेवायचा, त्याला उलट मेल धाडायचा की 'याला नुसतं उत्तर द्या', आणि उत्तर आलं की मूळ मेल आत सोडून त्याचं नाव यादीत घालायचं. चॅलेंज-रिस्पॉन्स म्हणजे एवढंच. एका माणसासाठी हे तासाभराचं काम आहे. रत्नागिरीतल्या आंबा व्यापाऱ्याच्या आठ-दहा जणांच्या ऑफिसात मात्र कोणाची ओळख कोणाला चालणार, हे आधी ठरवावं लागतं.

म्हणून सर्व्हरला हात लावण्याआधी पत्त्यांची यादी कागदावर काढा. माणसांचे स्वतःचे पत्ते, सगळे मिळून बघतात ते ऑर्डर-बुकिंगचे पत्ते, आणि स्कॅनर-बॅकअपसारख्या यंत्रांचे. चॅलेंज फक्त पहिल्या गटाला लावा. एप्रिलात दुबईहून हापूसच्या पन्नास पेट्यांचा भाव विचारणारा माणूस तुमच्या राखणदाराला उत्तर देत बसणार नाही, तो देवगडच्या दुसऱ्या कोणालातरी मेल टाकेल. मालवणच्या होमस्टेचं बुकिंगही तसंच. सामायिक पत्त्यांना साधा स्पॅम फिल्टर पुरे.

यासाठीचं जुनं, नीट विचार करून केलेलं साधन म्हणजे टीएमडीए (टॅग्ड मेसेज डिलिव्हरी एजंट). ते मुळात पायथन २ वर लिहिलेलं आहे आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हा ते वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सर्व्हरपासून अलग कप्प्यात, चालवा. खालचं सगळं पोस्टफिक्स या मेल-सर्व्हरसोबतचं आहे.

सर्व्हरवर प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये .टीएमडीए नावाची डिरेक्टरी, परवानगी ७०० (फक्त मालकालाच उघडेल अशी). तिच्यात टीएमडीएच्या कीजेन आज्ञेने काढलेली ज्याची त्याची गुप्त किल्ली, परवानगी ६००. एकच किल्ली सगळ्यांना कॉपी करण्याचा मोह होतो, पण मग कोणीही कोणाच्याही नावाचे सहीचे, म्हणजे किल्लीचा शिक्का मारलेले, पत्ते बनवू शकतो.

आता जोडणी. नवखे इथे हमखास अडकतात. आठ वेळा तेच काम नको म्हणून फिल्टरची ओळ एलियस फाइलमध्ये, म्हणजे सगळ्या सर्व्हरच्या पत्त्यांच्या एकाच फाइलमध्ये, टाकतात. ती फाइल रूटच्या (मुख्य ॲडमिनच्या) मालकीची असली की पोस्टफिक्स ती आज्ञा 'नोबडी' या हक्क नसलेल्या युजरच्या नावाने चालवतो. नोबडीला कोणाचीच किल्ली वाचता येत नाही आणि मेल रांगेत तुंबतात. फिल्टर ज्याच्या त्याच्या .फॉरवर्ड फाइलमधून बोलवा, म्हणजे तो त्या युजरच्या हक्काने चालतो. शिवाय एकेकाला हळूहळू आत घेता येतं.

दुसरी खोच जोडचिन्हाची, म्हणजे पत्त्यात युजरनेमपुढे जादा भाग जोडणाऱ्या चिन्हाची. चॅलेंजचं उत्तर अशाच जोडलेल्या पत्त्यावर येतं. टीएमडीए मुळात आडवी रेघ धरतं. पोस्टफिक्समध्ये जोडचिन्ह दिलेलंच नसतं, आणि बरेच जण तिथे अधिकचं चिन्ह टाकतात. दोन्हीकडे एकच नसेल तर चॅलेंज बरोबर जातं, समोरचा उत्तरही देतो, आणि त्याला 'असा युजर नाही' म्हणून मेल परत मिळतो. दोन्हीकडे रेघच ठेवा, कारण काही वेबसाइट पत्त्यात अधिकचं चिन्ह घेत नाहीत. फक्त कोणाच्या युजरनेममध्ये रेघ नाही ना, हे बघून घ्या.

फिल्टर फाइलमध्ये वरून खाली जो नियम आधी जुळेल तोच लागतो. क्रम असा ठेवा: स्वतःची ब्लॅकलिस्ट (नको असलेले), स्वतःची व्हाइटलिस्ट (ओळखीचे), ऑफिसची सामायिक व्हाइटलिस्ट, आणि शेवटी चॅलेंज. वाशी मार्केटचे दलाल, ट्रान्सपोर्टवाला, सीए, बँक हे सामायिक यादीत. ती यादी सगळ्यांना वाचता यावी, लिहिता एकालाच. उत्तर देणाऱ्याचं नाव आपोआप जाईल ते मात्र ज्याच्या त्याच्या यादीत. ही 'कन्फर्म अपेंड' सेटिंग राहून गेली तर त्याच माणसाला दर मेलला नवं चॅलेंज जातं.

आपलं स्वतःचं डोमेन व्हाइटलिस्टमध्ये कधीही घालू नका. स्पॅमवाले 'फ्रॉम'मध्ये तुमचंच डोमेन लिहून पाठवतात. बाहेरून लॉगिनशिवाय आलेला आपल्या नावाचा मेल पोस्टफिक्सनेच दारात नाकारावा.

स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा चोरीचा असतो, म्हणून सरसकट चॅलेंज पाठवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. शिवाय तुमच्या सर्व्हरचा आयपी ब्लॉकलिस्टमध्ये जातो तो वेगळाच. आधी एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे पडताळायच्या पद्धती) आणि स्पॅम-गुण तपासा. यात नापास झालेल्याला चॅलेंज नाहीच. २००४ चा आरएफसी ३८३४, म्हणजे मेलच्या स्वयंउत्तरांचं नियमपत्र, सांगतो तसं, रिकामा पाठवणारा असलेल्या, मेलिंग लिस्टच्या किंवा 'ऑटो-सबमिटेड' हेडरच्या मेलला उत्तर द्यायचं नाही, आणि आपल्या चॅलेंजचाही लिफाफा-पत्ता (न पोचलेला मेल जिथे परत येतो तो) रिकामाच ठेवायचा. टीएमडीएमध्ये एका पत्त्याला दिवसात ५० स्वयंउत्तरांपर्यंत मुभा असते. ती दोनवर आणा. न पोचणारी चॅलेंज रांगेत ५ दिवस पडून राहतात, म्हणून पोस्टफिक्सची बाउन्स रांगेची (रिकाम्या लिफाफा-पत्त्याच्या मेलची) मुदत १ दिवस करा.

चॅलेंजचा मजकूर मराठी आणि इंग्रजीत, चार ओळींचा. मूळ विषय दाखवा, मूळ मजकूर नको, नाहीतर तुम्हीच स्पॅम वाटत बसाल.

आपण ज्याला मेल पाठवला तो उत्तर देताना अडकला, तर ऑफिसची शोभा होते. यासाठी जाणारा मेल टीएमडीएच्या ओएफएमआयपीडी प्रॉक्सीतून (मेल पुढे धाडणाऱ्या मधल्या प्रोग्रामातून), पोर्ट ८०२५ वरून, न्यावा लागतो. तिथे नियम लावला की ज्याला पाठवलं तो यादीत जातो. कॉम्प्युटरवर हे सगळे करतात, मोबाइलवरची सेटिंग विसरतात. दोन्ही टोकांना असे फिल्टर असले तरी याच यादीमुळे ते एकमेकांना अडवत नाहीत.

जीएसटी, बँक, रेल्वे तिकीट यांचे मेल 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून येतात आणि ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. असे पाठवणारे आधीच यादीत हवेत. नव्या वेबसाइटला कीवर्ड पत्ता द्या, म्हणजे तुमच्या पत्त्याला तिच्यापुरता एक शब्द जोडलेला. तो फुटला तर तेवढाच रद्द करता येतो.

पहिला आठवडा शेवटच्या नियमात 'कन्फर्म' ऐवजी 'होल्ड' लिहा. मेल अडकतात, पण बाहेर काही जात नाही. रोज सकाळी टीएमडीए-पेंडिंगने प्रत्येकाचं अडकलेलं त्याच्याच शेजारी बसून बघा. मागे पडून राहिलेली जुनी नावं याच आठवड्यात यादीत येतात.

अडकलेला मेल मुळात १४ दिवसांनी पुसला जातो. कोकणात गणपतीला माणूस दहा दिवस गावी जातो, वर वादळात लाइन गेली तर आणखी दोन-तीन दिवस, म्हणून ही मुदत ३० दिवस करा. रजेचं स्वयंउत्तर फिल्टरच्या पुढे नाही, मागे लावा, म्हणजे आत आलेल्या मेललाच ते जाईल.